भांगाच्या दिवसांत आलेले पाहुणे

रायगडच्या किनाऱ्यावर पैसे गुंतवावेत का, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, जरूर गुंतवा. फक्त निघण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेखाली बारीक अक्षरात जी तिथी छापलेली असते, ती वाचून निघा. एवढं एक वाक्य मला माझ्याच पुस्तिकेत घालू दिलं नाही, म्हणून हा सगळा प्रवास इथे लिहिते आहे. रागात लिहिते आहे, हेही आधीच सांगून टाकते. तीन आठवडे होत आले तरी राग उतरलेला नाही.

मी मूळची कोल्हापूरजवळची, राहते पुण्यात. कंपन्यांना माहितीपत्रकं लिहून देणं हा माझा धंदा. एका सल्लागार कंपनीने रायगड किनाऱ्यावरच्या गुंतवणुकीच्या संधींवर पुस्तिका लिहायचं काम मला दिलं. मुंबई समोर, बंदर हाताशी, गाडीसकट पार करणाऱ्या बोटी, नारळ, सुपारी, मासळी, पर्यटक. लिहायला मजकूर भरपूर होता आणि त्यात खोटं काही नव्हतं. सल्लागार कंपनीचे सबनीस म्हणाले की एक पाहुणे येणार आहेत, त्यांच्यासोबत तीन दिवस फिरा म्हणजे पुस्तिकेत जीव येईल. पाहुण्यांची कंपनी जेटीवर बर्फाचा कारखाना आणि शीतगृह उभं करते. यंदा त्यांना एकच नवं ठिकाण निवडायचं होतं. एक आमच्या पुस्तिकेतलं, मुरूडच्या पुढचं खाडीकाठचं गाव. दुसरं शेजारच्या जिल्ह्यातलं. पाहुण्यांचं नाव मी लिहीत नाही. पाहुणे म्हटलं तरी पुरेसं आहे.

त्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात मासळी विकणाऱ्या बायकांची एक सोसायटी आहे. जयवंतीताई तिच्या प्रमुख. जेटीवर बर्फ मिळावा म्हणून या बाईने किती वर्षं अर्ज केले, ते तिचं तिला ठाऊक. मी फोन केला तेव्हा तिने मला एकच गोष्ट दोनदा बजावली.

"पुनवेनंतरच्या दुसऱ्या दिवशी या. द्वितीयेला. अष्टमीला येऊ नका ताई, भांग असतो."

मला काही कळलं नाही, तेव्हा तिने समजावलं. तिच्या गावात डोल जाळी लावतात. समुद्रात खुंट ठोकून, पिशवीसारखं जाळं पाण्याच्या ओढीसमोर तोंड करून बांधायचं. पाणी जोरात धावलं की मासळी आपण होऊन आत येते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी धावतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी मरगळतं, तो भांग. भांगात जाळी लावून उपयोग नसतो, म्हणून ती काढतात, वाळवतात, फाटलेली शिवतात. कोळ्यांचा आठवडा असा चंद्राच्या हिशेबाने चालतो.

मी हे सगळं सबनीसांना लिहून कळवलं. त्यांचं उत्तर आलं की शनिवार-रविवार पाहुण्यांचा मुक्काम अलिबागला मित्राच्या बंगल्यावर आहे, त्यामुळे त्याआधीचे बुधवार ते शुक्रवार हेच दिवस सोयीचे. मी फोन करून म्हटलं की गुरुवारी नेमकी कार्तिक वद्य अष्टमी येते. ते हसले. "मॅडम, मासे काय, समुद्रात रोजच असतात." मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचाही मला राग आहे.

बुधवार: मांडवा, थळ

मुंबईहून गाडीसकट बोटीत बसलो आणि तासाभरात मांडव्याला उतरलो. पाहुणे खूष. रस्त्याने जाताना त्यांनी जमिनीचे भाव विचारले, पाण्याचं विचारलं, विजेचं विचारलं. प्रश्न शहाण्या माणसाचे होते, हे कबूल करते. भात कापून झालेली खाचरं, त्यांच्या बांधावर माडांच्या रांगा, मधूनच एखादं मिठागर. आमच्याकडे मैलोन् मैल ऊसच ऊस. इथे एका नजरेत पाच प्रकारचा धंदा दिसतो, आणि मला हे मनापासून आवडलं.

थळला थांबलो. खत कारखान्याच्या चिमण्या, त्यांच्यासमोर किनारा, किनाऱ्यावर होड्या. पाहुण्यांना फोटो हवा होता. चौकटीत टोपल्या घेतलेल्या चार बायका येत होत्या. सबनीसांनी त्यांना हाताने खूण केली, जरा बाजूला व्हा. बायका झाल्या बाजूला. मग होडीजवळ बसलेल्या म्हाताऱ्यालाही उठवलं. शेवटी चिमण्या आणि होड्या राहिल्या, माणूस एकही नाही, तेव्हा फोटो पसंत पडला. मी तिथेच ओळखायला हवं होतं की या दौऱ्याचं घोडं कुठे पेंड खाणार आहे.

दुपारी जेवायला एका खाणावळीत गेलो. समोर आलेला पापलेट कुठून फोडायचा ते मला कळेना. मटणावर वाढलेली बाई मी; काटा काढायची सवय नाही. खाणावळीच्या मालकिणीने माझी धडपड पाहिली, न विचारता समोर बसली आणि सगळे काटे काढून ताट परत माझ्याकडे सरकवलं. म्हणाली, "पोरांना असंच देते." पन्नाशीला आलेल्या बाईला यापरतं काय हवं? पाहुण्यांनी सँडविच मागवलं होतं.

गुरुवार: खाडीकाठ

मुरूडला रात्री लॉजवर राहून सकाळी अकराला कोळीवाड्यात पोचलो. पाणी ओसरलेलं. बोटी चिखलात एका कुशीवर कलंडलेल्या. जेटी मोकळी, धुऊन काढल्यासारखी. भिंतीच्या सावलीत पुरुष जाळी मांडीवर पसरून शिवत बसले होते, दोघे-तिघे पत्ते खेळत होते, एकजण होडीच्या फळ्यांच्या फटी बुजवत होता.

जयवंतीताई सामोरी आली. साठीची, ठेंगणी, डोक्यात अबोलीची वेणी, नऊवारी कासोटा. तिच्यामागे वीस-पंचवीस बायका, सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून. खुर्च्या भाड्याने आणल्या होत्या. पाहुण्यांसाठी नारळ होता. माझ्याकडे पाहून ती हळूच म्हणाली की आलात ते बरं झालं, पन दिवस चुकला. मला मान वर करवेना.

नंतर दुसऱ्या एका बाईकडून कळलं की आदल्या दिवशी गावात यावरून भांडण झालं होतं. काहीजणांचं म्हणणं, मुरूडच्या बाजारातून चार टोपल्या मासळी आणू, जेटीवर मांडू, पाहुण्यांना काय कळतंय. जयवंतीताईने साफ नाही म्हणून सांगितलं. आपली मासळी खोटी नाही, मग ती खोटी दाखवायची कशाला, असं तिचं म्हणणं. ती खरं वागली आणि तिचंच नुकसान झालं, हे आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

पाहुणे जाळी शिवणाऱ्यांपाशी थांबले. त्यांनी एकाला विचारलं, रोज असेच बसता का? तो म्हणाला, "आज भांग हाय साहेब." पाहुण्यांनी सबनीसांकडे पाहिलं.

सबनीस म्हणाले, "कसला तरी सण आहे, सर."

कसला तरी सण! उचलली जीभ लावली टाळ्याला. मी पुढे होऊन सांगायला लागले की सण नव्हे, पाण्याची ओढ, डोल जाळी, तर सबनीसांनी घड्याळ दाखवलं. "मॅडम, डिटेल्स पुस्तिकेत घ्या." पाहुणे तोवर फोनवर बोलत पुढे गेले होते.

आमच्या गावाकडे दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू होतात. उन्हाळ्यापर्यंत काहिलीखालचा जाळ विझत नाही, माणसं उभ्या-उभ्या जेवतात. पण आषाढात कुणी साहेब आला तर त्याला काय दिसेल? रिकामी काहील, चुलाण्यात पाणी आणि पारावर बसलेली माणसं. कोल्हापूरकर आळशी असतात असं लिहून गेला तर त्याला आम्ही गावाच्या वेशीवर अडवू. इथली माणसं मात्र पाहुण्याला नारळ देत होती.

मी जेटीच्या कडेने खाली पाहायला गेले आणि पाय घसरून थेट चिखलात गेले. गुडघ्यापर्यंत. पाय निघाला, चप्पल आतच राहिली. बायका हसत हसत धावल्या, दोघींनी धरून वर ओढलं. जयवंतीताईने मला घरी नेलं, हंड्यातलं गोडं पाणी तांब्याने पायांवर ओतलं, आणि स्वतःच्या रबरी सपाता मला दिल्या. मी नको म्हटलं तर म्हणाली की परत आनून द्या म्हंजे झालं.

तिच्या ओटीवर जेवण मांडलं होतं. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, बोंबलाचं कालवण. आमची ज्वारीची भाकरी कडक असते, ही पानासारखी मऊ. चटणीचा एक घास खाल्ला आणि मी पुढचा अर्धा तास बोलले नाही. पाहुणे ओटीपर्यंत आले, वास आला, आणि बाटलीतलं पाणी पिऊन बाहेरच उभे राहिले. मासळीच्या धंद्यात पैसे घालायला आलेला माणूस मासळीच्या वासाने मागे फिरतो. याला म्हणतात हौसेने नवस केला आणि फेडताना कुरकुर.

निघताना जयवंतीताईने पाहुण्यांना विचारलं, पुढच्या उधाणाला परत याल का? ते म्हणाले, बघू. ती गाडी वळेपर्यंत तिथे उभी होती, अनवाणी, कारण सपाता माझ्या पायांत होत्या.

शुक्रवार: आगरदांडा, दिघी

आगरदांड्याला फेरीबोटीत गाडी चढवली. समोर दिघी बंदराच्या क्रेन, मागे डोंगर, पाणी शांत. पंधरा-वीस मिनिटांत खाडी पार. पाहुण्यांनी इथे बरेच फोटो काढले. मोठं बंदर, मोठी जहाजं, हे त्यांना ओळखीचं होतं.

आमच्या शेजारी एक टेम्पो उभा होता, नारळांनी भरलेला. चालवणारे कासमभाई, श्रीवर्धनकडचे. गप्पांत कळलं की उधाणात हेच गृहस्थ अलिबागकडून बर्फाच्या लाद्या आणतात, जयवंतीताईच्या जेटीवर आणि पुढे पलीकडेही. मी विचारलं, मग आज बर्फ का नाही? ते माझ्याकडे बघतच राहिले. भांगात बर्फ कोण घेणार, म्हणाले. म्हणजे भांग टेम्पोवाल्यालाही कळत होता; कळून घ्यायचा नव्हता तो एकट्या सबनीसांना.

मी मुद्दाम विचारलं, जेटीवर कारखाना झाला तर तुमचा धंदा बुडेल ना?

"बुडेल थोडा," कासमभाई म्हणाले. "पण बाई, मी इथं पोचेपर्यंत निम्मा बर्फ पाणी होतो. लोकांची मेहनत कुजते ती डोळ्यांनी बघतो मी. खुदा कसम, कारखाना झाला तर आधी मी पेढे वाटेन. मी मासळी नेईन, बर्फाच्या जागी."

मी पाहुण्यांना हाक मारली की या माणसाशी दोन मिनिटं बोला, तुम्हाला हवी ती सगळी माहिती याच्याकडे आहे. ते म्हणाले, हो, नक्की, आणि क्रेनच्या फोटोसाठी पुढे गेले. दिघीला चहा घेतला, त्याच फेरीने परत आलो. संध्याकाळी पाहुणे अलिबागच्या बंगल्यावर आणि मी पुण्याच्या एसटीत.

पुन्हा, द्वितीयेला

पुढच्या आठवड्यात सबनीसांचा मेल आला. पाहुण्यांच्या टिपणात लिहिलं होतं की जेटीवर मासळीची आवक आढळली नाही, शीतगृहाची गरज सिद्ध होत नाही, दुसऱ्या जिल्ह्याचा विचार व्हावा. त्याखाली सबनीसांनी माझ्यासाठी सूचना दिली होती. पुस्तिकेत या गावाचं बलस्थान म्हणून एक ओळ टाका: 'मुबलक रिकामे मनुष्यबळ उपलब्ध.'

मी तो मेल तीनदा वाचला. मग कॅलेंडर पाहिलं. अमावास्या गुरुवारी होऊन गेली होती. शनिवारी मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया. सपाता पिशवीत घातल्या आणि पहाटेची एसटी पकडली.

दुपारी बाराच्या सुमाराला पोचले. तीच जेटी, पण ओळखू येईना. पाणी काठोकाठ. एकामागून एक बोट लागत होती. बोटीतून टोपल्या वर, वरून बायकांच्या डोक्यावर, तिथून लिलावाच्या ओट्यावर. कोळंबी, बोंबील, मांदेली, जवळ्याचे ढीगच्या ढीग. गेल्या वेळी पत्ते खेळणारा माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहून टोपल्या उचलत होता आणि माझ्या नमस्काराला उत्तर द्यायलाही त्याला फुरसत नव्हती. मला उभं राहायला जागा नव्हती. दोनदा धक्का बसला, एकदा शिवी.

दोनच्या पुढे मात्र मन विटायला लागलं. मार्गशीर्ष लागलेला. पुष्कळ घरांत महिनाभर मासळी शिजत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक कमी आणि आवक अशी. जवळा वाळवता येतो, बोंबील वाळवता येतात. कोळंबीला बर्फच लागतो. कासमभाईंचा टेम्पो आला, पण लाद्या वितळून निम्म्या झालेल्या. पहिल्या चार बोटींतच संपल्या. उरलेल्या कोळंबीचा रंग माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेला. मग एक व्यापारी ट्रक घेऊन आला. तो ही कोळंबी कोंबड्यांच्या खाद्यासाठी नेतो. फावड्याने भरतात. सकाळी जी कोळंबी बायकांनी लेकरासारखी उतरवून घेतली, ती संध्याकाळी फावड्याने ट्रकमध्ये. हे बघून मला रडू आलं, आणि लाजही वाटली, कारण तिथे दुसरं कुणी रडत नव्हतं. त्यांना हे दर उधाणाला बघावं लागतं.

जयवंतीताई मोकळी झाली तेव्हा तिच्या साडीवर खवले चिकटले होते. मी सपाता दिल्या. मग फोनवरचा मेल वाचून दाखवला. वाचू नये असं एकदा वाटलं, पण तिच्यापासून लपवायचा मला काय अधिकार?

तिने विचारलं, "रिकामं मनुष्यबळ म्हंजे काय?"

मी सांगितलं, ज्यांना काम नाही अशी माणसं.

ती ट्रककडे पाहत राहिली. मला वाटलं आता ही ओरडेल, मला चार शब्द सुनावेल. मी तयारही होते. तिने एवढंच विचारलं की या पाहुन्यांचं हापीस कुठं हाय. मी सांगितलं, बेलापूरला, आणि पत्ता लिहून दिला. मला वाटलं अर्ज पाठवायचा असेल.

पुण्याला येऊन मी जेटीचे सगळे फोटो सबनीसांना पाठवले. उत्तर आलं, फोटो छान आहेत, पण दौऱ्याचा अहवाल गेलेला आहे. तिथीबद्दलचं वाक्य पुस्तिकेतून काढलं आहे, कारण गुंतवणूकदारांसमोर पंचांग बरं दिसत नाही. वरातीमागून घोडं नाचवू नका, असंही वर लिहिलं. वरात मुळात चुकीच्या दिवशी कुणी काढली होती, हे मी त्यांना तितक्याच स्पष्ट शब्दांत कळवलं. त्यानंतर ते माझा फोन उचलत नाहीत.

गेल्या रविवारी सकाळी जयवंतीताईकडून फोनवर फोटो आले. त्या दिवशी दशमी होती, पुन्हा भांग, म्हणून तिला सवड होती. सोसायटीतल्या दोघींना घेऊन ती बेलापूरला गेली होती. फोटोत पाहुण्यांच्या ऑफिसचं काचेचं दार, दाराला कुलूप, काचेतून दिसणाऱ्या रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. काचेवर तिघींची प्रतिबिंबं, डोक्यात अबोली. खाली तिचा आवाज:

"ताई, पाहुन्यांच्या हापिसात आलाव. कोन न्हाय. वाचमन बोलतो, आज बंद. इतक्या खुर्च्या हायेत आनि एक बी मानूस कामाला न्हाय. तुमच्या पुस्तकात टाका."

मी तो फोटो पाहुण्यांना पाठवला. सोबत द्वितीयेचे जेटीचे फोटो आणि फावड्याचाही. कुलपाच्या फोटोखाली सबनीसांचेच शब्द लिहिले: मुबलक रिकामे मनुष्यबळ उपलब्ध.

सोमवारी पाहुण्यांचा फोन आला. आवाजात राग होता. या बायका कोण, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ज्यांनी तुम्हाला नारळ दिला त्या. मग मी त्यांना भांग, उधाण, डोल, कासमभाई, मार्गशीर्ष, सगळं सांगितलं. या वेळी घड्याळ दाखवायला कुणी नव्हतं.  शेवटी ते म्हणाले, निर्णय अजून सहीला गेलेला नाही, उद्या-परवा एक चक्कर मारता येईल.

मी म्हटलं, उद्या-परवा पाण्याला जोर नाही. पौर्णिमा शुक्रवारी आहे. जयवंतीताईने पहिल्या फोनपासून द्वितीया सांगितली आहे, ती येते रविवारी. दुपारी बाराला जेटीवर या.

"रविवारी आमचं ऑफिस बंद असतं," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं, "फोटोत दिसलं."